सवय आपली, मांडणीही आपली

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात गोवा पहिल्या क्रमांकावर निघाला. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. कुणाच्याच गोळ्या चालू नाहीत असं घर आता आमच्याकडे शोधावं लागतं. आणि काय करायचं ते प्रत्येक घराला तोंडपाठ आहे: चालायला जा, पाव कमी करा, चहात साखर नको, रात्रीचं जेवण लवकर उरका. माहिती भरपूर आहे, इच्छाही असते. सुरुवातसुद्धा होते. नवे बूट येतात, आठ-दहा दिवस मिरामारच्या किनाऱ्यावर फेऱ्या होतात, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

असं झालं की घरचे म्हणतात, ‘मनावरच घेत नाहीत.’ तो माणूस स्वतःही तेच म्हणायला लागतो. हे निदान मला चुकीचं वाटतं, शिवाय घातकही वाटतं. ज्याने निदान प्रयत्न तरी केला त्याच्याच माथी ते अपराधाची भावना मारतं. गेल्या पन्नासेक वर्षांत सवयींवर जे संशोधन झालंय त्यातून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे येतात. एक, आपलं रोजचं बरंचसं वागणं निर्धारापेक्षा आजूबाजूच्या मांडणीवर चालतं, त्यामुळे मांडणी बदलली तर वागणं बदलायला सोपं जातं. दुसरी, ही मांडणी दुसऱ्याने लादलेली असेल तर बदल फार दिवस टिकत नाही. पहिलीबद्दल हल्ली पुष्कळ बोललं जातं. दुसरी मागे पडते, आणि माझ्या मते सगळा मामला तिथेच अडतो.

आधी पहिली गोष्ट पाहू. वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला नोंद करायला लावली की या क्षणी तू काय करतोयस आणि मनात काय चाललंय. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात जवळपास ४३ टक्के कामं अशी निघाली की जी जवळजवळ रोज, बहुतेक त्याच जागी होत होती, आणि ती करताना डोक्यात भलतंच काहीतरी होतं. पुढे २०११ मध्ये त्यांच्याच गटाचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिनेमाला आलेल्या लोकांपैकी काही जणांना ताजे, तर काही जणांना आठवडाभर जुने, मऊ पडलेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. चव आवडली नाही असं तेच सांगत होते, पण हात चालू होता. मग काहींना सांगितलं की नेहमीच्या हाताने खाऊ नका, दुसऱ्या हाताने खा. एवढ्याने शिळे पॉपकॉर्न खाणं कमी झालं. कुणी उपदेश केला नाही, आरोग्याचं पत्रक वाटलं नाही. हात बदलल्यामुळे क्रियेत एक अडखळ आली आणि त्या अडखळीत माणूस जागा झाला.

आता आपल्या दारात या. पहाटे सहा-साडेसहाला पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा हॉर्न वाजतो, संध्याकाळी पुन्हा वाजतो. फाटकाला पिशवी अडकवलेली असते, त्यात पाव पडतात. ‘आज पाव खावा का?’ हा प्रश्न अशा घरात कुणाला पडतच नाही, कारण तो पडायला जागाच ठेवलेली नाही. ठरावीक वेळ, कानावर येणारा इशारा, शून्य कष्ट आणि गरम पावाचा वास. सवय लागावी म्हणून कुणी मुद्दाम बसून योजना केली असती तरी याहून चांगली जमली नसती.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये हीच गोष्ट एका साध्या सूत्रात बसवली. कुठलंही वागणं घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून याव्या लागतात: ते करावंसं वाटणं, ते करायला जमणं, आणि ‘आत्ता कर’ असा इशारा मिळणं. यातलं एक जरी गळलं तरी काम होत नाही. आपण साधारण पहिल्याच्याच मागे लागतो. व्याख्यानं ऐकतो, भीती घालून घेतो, निर्धार करतो. पण ‘वाटणं’ हे दिवसभरात चढतं-उतरतं. सकाळी डॉक्टरांकडून येताना असतं तेवढं रात्री जेवणानंतर नसतं. फॉग यांचा सल्ला उरलेल्या दोन गोष्टी हाताळायचा आहे. काम इतकं लहान करा की कंटाळलेल्या दिवशीही होईल, आणि ते आधीपासून पक्क्या असलेल्या एखाद्या सवयीला जोडून ठेवा. रोज तासभर चालणं हे ध्येय झालं. रात्री जेवून हात धुतले की अंगणातून फाटकापर्यंत जाऊन येणं ही सवयीची सुरुवात झाली.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. साखर वाढल्यावर मुलांनी त्यांना फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप घालून दिलं, मुंबईच्या सुनेने मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. दोन्ही कपाटात गेली. मास्तरांनी आपल्या मनाने वेगळाच उद्योग केला. पदेराला सांगितलं, ‘उद्यापासून माझ्या दारात येऊ नकोस, मी तिठ्यावर येतो.’ तिठा घरापासून चांगला लांब, मध्ये एक चढ. तेव्हापासून हॉर्न वाजला की मास्तर पायात चपला सरकवून निघतात, तिथे दोन शब्द बोलतात, पाव घेऊन परत येतात. संध्याकाळी पुन्हा तेच. पावसाळ्यात पदेर म्हणाला, ‘मास्तर, पावसांत कित्याक येतात? हांव हाडून दितां.’ म्हणजे, कशाला येता, मीच आणून देतो. मास्तरांनी छत्री दाखवली.

मला या छोट्या योजनेचं मनापासून कौतुक वाटतं. यात नवा इशारा तयार करावा लागला नाही, दिवसातून दोनदा वाजणारा आयता इशारा वापरला. चालणं हे वेगळं काम राहिलं नाही, पावाला जाणं झालं. दारात पिशवी नसल्यामुळे पावही मोजून येऊ लागले, कारण हातात धरून आणायचे तर दोन माणसांना किती लागतात याचा विचार होतोच. तिठ्यावर माणसं भेटतात ती गोष्ट वेगळीच. आणि मुख्य म्हणजे ही कल्पना त्यांची स्वतःची. सुनेने ‘बाबा, तुम्ही पाव आणायला तिठ्यावर जात जा’ असं सुचवलं असतं, तर ते कितपत गेले असते मला शंका आहे.

इथे दुसरी गोष्ट येते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या रोचेस्टर विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर कित्येक दशकं काम केलं. त्यांच्या मते माणसाची आतली ओढ टिकायला तीन गरजा भागाव्या लागतात. हे मी ठरवलंय असं वाटलं पाहिजे. हे मला जमतंय असं वाटलं पाहिजे. आणि आपल्या माणसांशी धागा जोडलेला वाटला पाहिजे. या गरजांना धक्का लागला की काम चालू राहतं ते धाकाने किंवा बक्षिसाने, आणि धाक-बक्षीस हटलं की काम थांबतं.

बक्षिसाबद्दलचा एक जुना प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं, रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर अचानक ते दिलं. काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळं सोडून पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीच्या गोष्टीवर मोबदल्याचं लेबल लागलं आणि आवड ओसरली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. म्हणजे दोष वस्तूत नव्हता, ‘हे केलंस तर ते मिळेल’ या सौद्यात होता. चालल्यावर गुण, बिल्ले आणि क्रमवारी देणारे फोन आठवा. ज्याला मुळात चालायचंच नाही त्याला उठवायला ते उपयोगी पडतात. ज्याला चालणं आवडायला लागलंय त्याच्या बाबतीत मात्र जरा जपून.

मांडणी आणि मर्जी या दोन्हींचा मेळ कुठे पाहायचा असेल, तर मला आपल्या श्रावणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडत नाही. नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, ज्यांना घास उतरत नाही अशी गोव्यातली हजारो हिंदू कुटुंबं श्रावण लागला की सरळ शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतात. आहार बदलणं हे अवघड कामांपैकी एक, असं आहारतज्ज्ञ सांगतात. इथे ते घरोघर, दरवर्षी, विशेष आरडाओरडा न करता होतं. कसं होतं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे.

निर्णय एकदाच होतो. ‘आज खावं की नको’ अशी रोजची घासाघीस नसते, आणि माणूस हरतो तो या रोजच्या घासाघिशीतच. ‘थोडंसं कमी खाऊ’ असा नियम नसतो, ‘महिनाभर नाही’ असा स्वच्छ नियम असतो, त्यामुळे पळवाट शोधावी लागते आणि शोधताना आपल्यालाच कळतं. घरात नुस्तं येतच नाही, म्हणून फ्रीज उघडून मोह होण्याचा प्रसंग नाही. निसर्गही थोडा हात देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे श्रावण येईपर्यंत ताजं मासळी-ताट तसंही महागलेलं आणि दुर्मीळ झालेलं असतं. शिवाय रिकामी झालेली जागा भरून काढायला पावसाळ्यातल्या भाज्या हजर असतात. टाकळा, अळू, फागलां, मोड आलेल्या मुगांच्या गाठी, खतखतं. हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. नुसतं ‘हे बंद’ म्हटलं तर ताटातला तो कोपरा रिकामा राहतो आणि जुनी गोष्टच तिथे परत येऊन बसते. आपल्या आज्यांनी तिथे आधीच दुसरं काहीतरी वाढून ठेवलं होतं. वर सगळा वाडा सोबतीला असतो. शेजारणीकडेही तेच शिजत असतं, नोकरीच्या ठिकाणी डब्यातही तेच, हॉटेलात शिवराक थाळीची पाटी लागते.

पण याच महिन्यात दुसरीही गोष्ट दिसते. एकाच घरात दोघं भाऊ. एकाला श्रावण आवडतो. सकाळी पूजा, हलकं जेवण, यात त्याला स्वतःचं काहीतरी सापडलेलं असतं. दुसरा आईला बरं वाटावं म्हणून घरात पाळतो आणि बाहेर मित्रांबरोबर बसला की तळलेला बांगडा मागवतो. मांडणी दोघांना तीच, नियम तोच. डेसी-रायन यांच्या भाषेत पहिल्याने नियम आपलासा केलाय, दुसरा दबावाखाली तो वाहतोय. दुसऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला कधी कुणी विचारलंच नाही की तुला हे का करायचंय, किंवा करायचंय का.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपली की मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते, हेही खरं. त्यात वाईट काही नाही, श्रावणाचा करारच तेवढ्या मुदतीचा असतो. मात्र ज्याला श्रावणातलं काही कायमचं हवंय, समजा रात्रीचं हलकं जेवण, त्याने चवथीनंतरच्या आठवड्याची योजना चवथीच्या आधीच करायला हवी. कारण ती शेवटची तारीख ओलांडली की सोबत करणारा वाडा, रिकामा फ्रीज, पाट्या हे सगळे आधार एकाच दिवशी काढून घेतले जातात.

योजना कशी करायची याचंही एक साधं तंत्र आहे, आणि ते संशोधनात खरं उतरलंय. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ते सविस्तर मांडलं. ‘मी नियमित चालेन’ असं ठरवण्याऐवजी ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं वाक्य करायचं. पुढे २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि नुसत्या इराद्यापेक्षा असं वाक्य स्पष्टपणे जास्त उपयोगी पडतं असं दिसलं. यात अडचणीचं वाक्यही आधीच करून ठेवायचं असतं. गोव्यात जून ते सप्टेंबर जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ज्या चालण्याच्या योजनेत पावसाचं वाक्य नाही ती योजना मृगातच बुडणार. ‘पाऊस असेल तर देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारीन’, ‘वळणावरची कुत्री मागे लागली तर शाळेच्या रस्त्याने जाईन’, ‘पाहुणे आले तर त्यांनाच घेऊन तळ्यापर्यंत जाईन.’ ऐकायला बाळबोध वाटतं. पण अडचण समोर उभी राहिल्यावर विचार करावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

सवय किती दिवसांत लागते, हे सगळेच विचारतात. एकवीस दिवस हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम १९६० मधल्या एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्याला आढळलं होतं. त्याचा चालण्याशी किंवा साखरेशी संबंध नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा बारा आठवडे माग घेतला. न्याहारीनंतर पाणी पिणं, जेवणाआधी धावायला जाणं अशी एकेक गोष्ट प्रत्येकाने स्वतः निवडली होती. आपोआप होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसागणिक फरक प्रचंड: कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेबाने अंदाज निघाला २५४ दिवसांचा. सोपी कामं लवकर मुरतात, मेहनतीची सावकाश. त्या अभ्यासात मला सर्वांत दिलासा देणारी वाटते ती आणखी एक गोष्ट. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या वाटचालीवर फारसा परिणाम झाला नाही.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण कित्येक ॲप नेमकं उलट शिकवतात. सलग किती दिवस झाले याचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात, आणि तुम्ही तापाने पडलात तरी दुसऱ्या दिवशी तो शून्यावर आणतात. चाळीस दिवस चाललेल्या माणसाला ‘शून्य’ दाखवणं हे खोटं आहे. भिंतीवरचं साधं कॅलेंडर जास्त प्रामाणिक असतं. चाललेल्या दिवशी फुली मारायची. चुकलेला दिवस रिकामा राहतो, पण आधीच्या फुल्या पुसल्या जात नाहीत.

दहा हजार पावलांचंही असंच. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं नाव दिलं. तो आकडा तिथून जगभर गेला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावला. ज्या आजीला गुडघ्यांमुळे दहा हजार शक्य नाहीत, तिला दहा हजारांचं लक्ष्य दाखवणं म्हणजे रोज संध्याकाळी ‘तुला जमलं नाही’ असं सांगणं. जमतंय असं वाटण्याची ती दुसरी गरज तिथेच मोडते. म्हणून कुठलंही साधन घरात आणताना मी एवढंच पाहते: लक्ष्य मला बदलता येतं का, खाडा झाला तर ते काय म्हणतं, आणि ते बंद केलं तरी सवय चालू राहील का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असेल, तर लागलेली सवय चालण्याची नाही, फोन बघण्याची आहे.

राहता राहिला घरच्यांचा प्रश्न, कारण बरेचदा बदल वडिलांनी करायचा असतो आणि तळमळ मुलीला असते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर उपचार करताना एक वेगळी बोलण्याची पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. त्यांचं म्हणणं असं की समोरचा द्विधा असताना आपण बदलाची बाजू लावून धरली, तर त्याच्या वाट्याला आपोआप दुसरी बाजू येते. ‘बाबा, पाव सोडा’ म्हटलं की बाबा पावाची वकिली करतात, आणि आपल्याच तोंडून ऐकलेलं आपल्याला जास्त पटतं. त्याऐवजी विचारायचं, ‘बाबा, साखर आटोक्यात आली तर तुम्हाला काय करायला मिळावंसं वाटतं?’ उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित येतं. कुणाला जत्रेतल्या नाटकात पुन्हा उभं राहायचं असतं, कुणाला आपल्या कुळागरापर्यंत, म्हणजे सुपारीच्या बागेपर्यंत, एकट्याने जायचं असतं. मग पुढचा प्रश्न, ‘त्यातलं या आठवड्यात काय जमेलसं वाटतं?’ आणि बाबांनी जे सांगितलं, ते आपल्याला कितीही किरकोळ वाटलं तरी त्याला ‘एवढंच?’ म्हणायचं नाही. त्यांना चपला दारातच हव्यात की मागच्या पडवीत, तेही त्यांनाच विचारायचं, आणि तिथे ठेवायच्या.